वायपरचं नवं ब्लेड निवडताना: आधी काच आणि आर्म, मग माप, शेवटी कंपनी

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी चार वर्षांची, पुढच्या काचेला फ्रेमवाले वायपर, म्हणजे रबराला सांध्यांच्या पट्ट्यांनी धरणारे. चालकाच्या बाजूचं ब्लेड बरोबर नजरेच्या उंचीवर पाण्याचा एक पट्टा तसाच सोडतं आणि खाली परतताना थडथड उड्या मारतं. दुकानात सल्ला मिळाला, की फ्रेमवालं काढा आणि फ्लॅट, म्हणजे बिनसांध्याचं एकसलग ब्लेड टाका; टाकताच आहात तर दोन्ही बाजूंना एकेक माप मोठं टाका, जास्त काच पुसली जाईल. शिवाय महागातलं सिलिकॉनचं ब्लेडही सुचवलं. यातलं नेमकं काय घ्यावं?

मी बरीच वर्षं वर्कशॉपमध्ये हेच काम करतो, म्हणून आधी थेट मत सांगतो. फ्रेमवालं की फ्लॅट हा प्रश्न बराच नंतरचा आहे. काच खरोखर स्वच्छ आहे का, आर्म (ब्लेड धरून काचेवर फिरवणारा दांडा) सरळ आहे का, ब्लेडची लांबी आणि पकड (ब्लेड आर्मला अडकतं तो जोड) याच गाडीची आहे का आणि रबर ताजं आहे का, या चार गोष्टी जुळल्या की साधं ब्लेडसुद्धा काच लख्ख पुसतं. यातली एक जरी चुकली तरी डब्यावर कुणाचंही नाव असो, थोड्याच दिवसांत तीच तक्रार परत येते. म्हणून खरेदीला जाण्याआधी अर्धा तास गाडीपाशी काढा.

तुमच्या दोन्ही तक्रारींची कारणं वेगळी असू शकतात. आधी पट्ट्याचं बघू. काचेवर पाणी मारा, वायपर सर्वांत कमी वेगावर ठेवा आणि आत बसून नीट बघा. तो पट्टा ब्लेडबरोबर या टोकापासून त्या टोकापर्यंत कमानीच्या आकारात फिरतो का? फिरत असेल तर दोष ब्लेडच्या त्या ठरावीक जागेत आहे. रबराला तिथे खाच पडली असेल, कचरा चिकटला असेल, नाहीतर फ्रेमचा तिथला सांधा जाम झाला असेल. पण पट्टा काचेच्या एखाद्याच भागात दिसत असेल, म्हणजे मधे सगळं नीट पुसलं जातं आणि कडेला गेल्यावर पाणी राहतं, तर ब्लेड काचेच्या गोलाईशी जुळवून घेत नाही असं समजा. काच मध्यावर बरीच सपाट असते आणि कडेच्या खांबाकडे जाताना वळत जाते. ब्लेडला एका फेरीत या दोन्ही आकारांना टेकायचं असतं. केसाइतकी बारीक रेघ उठत असेल तर बहुतेक वेळा रबराच्या धारेवर वाळूचा कण किंवा छोटा काप असतो. ओल्या फडक्याने धार पुसून बघा, अनेकदा तेवढ्यानेच रेघ जाते. आणि पुसल्यावर काचेवर धुरकट, तेलकट पडदा राहतो आणि समोरच्या दिव्यांभोवती वलयं दिसतात, तेव्हा ब्लेडला हात लावूच नका. तो दोष काचेचा आहे.

आता थडथड. हे समजायला रबर काचेवर कसं चालतं ते बघायला हवं. ब्लेड काचेवरून उचला आणि रबर जवळून पाहा. वरचा जाड भाग पकडीत बसलेला असतो, त्याखाली एक नाजूक मान असते आणि तिच्याखाली पातळ ओठ. ब्लेड एका दिशेने जातं तेव्हा हा ओठ मागे कलतो आणि ओढला जातो. दिशा बदलली की त्याने चटकन दुसऱ्या बाजूला कलायचं असतं. फेरीच्या शेवटी येणारा हलका टप्प असा आवाज या कलण्याचाच असतो. रबर कडक झालं, किंवा महिनोन् महिने एकाच बाजूला दबून राहिल्यामुळे त्याला बाक आला, की ओठ पलटत नाही. मग एका दिशेला तो ओढला जातो आणि दुसऱ्या दिशेला ढकलला जातो. ढकलला गेला की अडकतो, सुटतो, पुन्हा अडकतो. हीच तुमची थडथड.

पुसण्याचं काम या ओठाची अगदी टोकाची कड करते. नव्या रबराची धार चौकोनी असते, दोन्ही कोपरे तीक्ष्ण. कारखान्यात बहुधा दोन ओठ एकमेकांना जोडलेल्या स्थितीत घडवतात आणि मग धारदार पात्याने मधोमध चिरून वेगळे करतात, त्यामुळे तो कोपरा इतका साफ निघतो. जाताना एक कोपरा काम करतो, येताना दुसरा. हे कोपरे झिजून गोल झाले की ओठ पाण्यावरून घसरतो आणि मागे पातळ थर सोडतो. नखाने धार हळूच चाचपा: एकसारखी लागली पाहिजे, दातेरी नाही. मग ओठ बोटाने डावीकडे आणि उजवीकडे दाबून सोडा. दोन्हीकडून सारखाच आणि लगेच सरळ व्हायला हवा. एका बाजूला आळसावून पडून राहिला, किंवा मानेपाशी बारीक भेगा दिसल्या, तर त्या रबराचं आयुष्य संपलं. धार पुन्हा कापून देणारी छोटी साधनं बाजारात मिळतात. पण ओठाची उंची त्याने कमी होते आणि कडक झालेलं रबर काही मऊ होत नाही, म्हणून मी ती वापरत नाही.

जाता जाता एक सांगतो. मेरी अँडरसन या अमेरिकन बाईंनी 1903 साली पेटंट घेतलं त्या वायपरमध्येही रबराची कड काचेवरून फिरवायचीच कल्पना होती, फक्त आतून हाताने दांडा हलवावा लागे. मोटर आली, मध्ये थांबत चालणारे वायपर आले, पाऊस ओळखणारे सेन्सर आले, तरी शेवटचं काम आजही त्या रबराच्या कोपऱ्याकडेच आहे.

तुमची थडथड फक्त परतताना होते, म्हणून आर्मचा कोनही तपासा. वायपर चालू असताना ब्लेड काचेच्या साधारण मध्यावर आलं की इग्निशन बंद करा म्हणजे ते तिथेच थांबेल. मग ब्लेडच्या टोकाच्या बाजूने, डोळा काचेच्या पातळीला आणून बघा. ब्लेडचं शरीर काचेला जवळपास काटकोनात उभं दिसलं पाहिजे. एका बाजूला झुकलेलं दिसत असेल तर आर्मला पीळ पडलेला आहे. गाडी धुताना आर्म ओढला जाणं, बर्फात गोठलेलं ब्लेड जोराने उपटणं, आर्म काचेवर आदळणं, अशा कारणांनी हे होतं. लोखंडी आर्म असेल तर दोन पान्यांमध्ये पकडून अगदी थोडा पीळ उलटा देता येतो, पण ते काम हात बसलेल्या माणसाकडून करून घ्या आणि आर्म काचेपासून दूर धरूनच करा. ॲल्युमिनियमचा किंवा प्लॅस्टिकचा आर्म वाकवायला जाऊ नका, तुटतो.

आर्मची स्प्रिंगही पाहा. आर्म ब्लेडला काचेवर दाबतो तो दाब साधारणपणे ब्लेडच्या दर मीटर लांबीला 15 न्यूटनच्या आसपास ठेवलेला असतो. म्हणजे 600 मिलिमीटरच्या ब्लेडला जवळपास 9 न्यूटन, सोप्या भाषेत सुमारे 900 ग्रॅमचा भार. घरी मोजायला साधा स्प्रिंगचा काटा चालतो: ब्लेड अडकवतात त्या जागी काट्याचा हूक लावून आर्म काचेपासून सरळ वर ओढा आणि ब्लेड जेमतेम उचललं गेलं की आकडा वाचा. काटा नसेल तर दोन्ही आर्म हाताने उचलून तुलना करा. एक स्पष्टपणे ढिला लागला तर आधी त्याच्या बिजागरीतली माती साफ करून तेलाचा थेंब सोडा. बऱ्याच वेळा स्प्रिंग ठीक असते, बिजागरीच अडलेली असते. तरीही ढिला राहिला तर आर्म बदला. ढिल्या आर्मवर सर्वांत महागडं ब्लेड लावून काहीही साधत नाही.

आर्म झाला, आता काच. या भागाकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. रस्त्यावरचा डिझेलचा धूर, पुढच्या गाड्यांनी उडवलेलं तेलकट पाणी, झाडाचा चीक, वॉशिंग सेंटरमधलं वॅक्स, या सगळ्याचा मिळून एक थर काचेवर बसतो. तो डोळ्यांना दिसत नाही, रबराला मात्र जाणवतो. काचेच्या एका भागात वॅक्स आणि दुसऱ्या भागात नुसती काच असेल तर रबर एकीकडे घसरतं आणि दुसरीकडे अडतं, म्हणजे पुन्हा थडथड. ओळखायची खूण सोपी आहे. धुतलेल्या काचेवर पाणी फवारा. पाणी एकसलग पातळ थरासारखं पसरलं तर काच स्वच्छ. कुठे थर, कुठे ठिपके ठिपके असं झालं तर ठिपक्यांच्या जागी काहीतरी बसलेलं आहे. तुम्ही स्वतः पाणी झटकणारं कोटिंग लावलेलं असेल तर सगळीकडे सारखे गोल थेंब दिसतील. तेही चालतं, पण ते सगळीकडे सारखंच हवं.

साफ करताना आधी कार शाम्पूने काच धुवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या स्वच्छ मायक्रोफायबर कापडाने पुसा. कापडाची बाजू सारखी बदलत राहा, नाहीतर तोच थर इकडून तिकडे पसरतो. एवढ्याने भागलं नाही तर काचेसाठीचं बारीक पॉलिश वापरा, सिरियम ऑक्साइड असलेलं, आणि हाताने घासा. भांडी घासायची पावडर किंवा तारेची घासणी काचेवर अजिबात नको. जुनं रबरही याच वेळी ओल्या कापडाने दोन्ही बाजूंनी पुसून घ्या आणि मग वायपर चालवून बघा. नवं ब्लेड घ्यायला आलेल्या किती तरी गाड्या एवढं केल्यावर जुन्याच ब्लेडवर परत जातात. पेट्रोल, रॉकेल, डिझेल यांनी रबर कधीही पुसू नका. रबर फुगतं आणि त्याची धार जाते.

आता माप. जुन्या ब्लेडवर लिहिलेला आकडा प्रमाण मानू नका, कारण आधीच्या मालकाने किंवा दुकानदाराने जे हाताला लागलं ते बसवलेलं असू शकतं. गाडीचं मॅन्युअल किंवा ब्लेड बनवणाऱ्या कंपनीची मॉडेल आणि सालानुसार दिलेली यादी बघा. दोन्ही बाजूंची लांबी बहुतेक गाड्यांत वेगळी असते. यादी परदेशी असेल तर एक गोष्ट आवर्जून पाहा. चालक डावीकडे बसणाऱ्या आणि उजवीकडे बसणाऱ्या देशांसाठी एकाच मॉडेलचे वायपर बहुधा आरशातल्यासारखे उलटे असतात. लांब ब्लेड चालकाच्या बाजूला असतं, त्यामुळे यादीत डावं-उजवं लिहिलं असेल तर ते कुणाचं डावं हे समजून घ्या. मोजायचंच झालं तर रबर या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजा. 24 इंच म्हणजे जवळपास 610 मिलिमीटर होतात आणि डब्यावर 600 लिहिलेलं असतं. एवढ्या फरकाची काळजी नको.

दोन्ही बाजूंना मोठं माप टाकायचा सल्ला मात्र ऐकू नका. दोन ब्लेडांच्या फेऱ्या एकमेकांच्या हद्दीत शिरतात आणि कंपनीने त्यांच्यात ठेवलेलं अंतर थोडंच असतं. दोन्ही वाढवली की वेगात चालताना टोकं एकमेकांना भिडतात. चालकाच्या बाजूचं टोक खांबाच्या रबरपट्टीवर चढू शकतं आणि खालचं टोक बॉनेटजवळच्या प्लॅस्टिकवर आपटू शकतं. शिवाय आर्मचा दाब तोच राहतो आणि तो जास्त लांबीवर वाटला जातो. मघाचंच गणित घ्या: 9 न्यूटन 600 मिलिमीटरवर म्हणजे मीटरला 15, आणि तेच 650 वर टाकलं तर 14 पेक्षा खाली. तुमची तक्रार ब्लेड नीट न टेकण्याची आहे आणि हा उपाय दाब आणखी कमी करणारा आहे. मोटर आणि तिला आर्मशी जोडणाऱ्या दांड्यांवर (लिंकेजवर) भार वाढतो तो वेगळाच. नेमकं माप मिळतच नसेल तर 25 मिलिमीटरने लहान घेतलेलं परवडतं, वर काचेची एक अरुंद कमान न पुसलेली राहते इतकंच.

पकड हा खरेदीतला सर्वांत गोंधळाचा भाग आहे. बऱ्याच गाड्यांना अजूनही हूकवाला आर्म असतो, ज्याचं टोक इंग्रजी जे किंवा यू या अक्षरासारखं वळलेलं असतं. त्यातही दोन प्रकार सर्रास भेटतात: 9 मिलिमीटर रुंद आणि 3 मिलिमीटर जाड, किंवा 9 रुंद आणि 4 जाड. डब्यात दोन-तीन ॲडॅप्टर, म्हणजे ब्लेड आर्मला जोडणारे छोटे तुकडे येतात, त्यातला चुकीचा लावला तरी ब्लेड बसल्यासारखं वाटतं, पण खेळ राहतो. मग दर वेळी दिशा बदलताना ब्लेड आधी डुलतं आणि नंतर निघतं. ही डुलकीसुद्धा थडथडीचं कारण असते, त्यामुळे तुमच्या जुन्या ब्लेडलाही आर्मपाशी धरून हलवून बघा. नव्या गाड्यांत बटण दाबून निघणारे, बाजूच्या पिनेवर बसणारे, वरून कुलूप होणारे असे बरेच प्रकार आहेत. बटणवाल्यांमध्येही 16, 19 आणि 22 मिलिमीटर अशा रुंदी आहेत. सगळ्यांत खात्रीचा मार्ग म्हणजे जुनं ब्लेड काढून आर्मच्या टोकाचा वरून आणि बाजूने मोबाइलवर फोटो घ्यायचा आणि तो दुकानात दाखवायचा. बसताना टक असा स्पष्ट आवाज आला पाहिजे, आणि बसल्यावर आर्मच्या दिशेने ओढून पाहिलं तर ब्लेड निसटता कामा नये.

हे सगळं झाल्यावर प्रकाराची निवड. फ्रेमवाल्या ब्लेडमध्ये एका मोठ्या पट्टीखाली लहान पट्ट्या सांध्यांनी जोडलेल्या असतात आणि त्यांच्या नख्या रबराला ठिकठिकाणी धरतात. दाब त्या मोजक्या बिंदूंवर येतो. सांधे मोकळे असतील तोपर्यंत ही फ्रेम काचेच्या गोलाईप्रमाणे छान वाकते. धूळ आणि चिखल सांध्यांत बसला, गंज चढला, की एखादा सांधा जाम होतो आणि त्याच जागी रबर टेकत नाही. तुमचा नजरेच्या उंचीवरचा पट्टा ब्लेडबरोबर फिरत असेल तर मला हाच संशय आहे. ब्लेड हातात घेऊन प्रत्येक सांधा बोटांनी हलवून बघा, अडलेला लगेच कळेल. बर्फाच्या प्रदेशात याच सांध्यांत बर्फ गोठतो, म्हणून तिथल्या हिवाळी ब्लेडांच्या फ्रेमवर रबराचं आवरण असतं.

फ्लॅट ब्लेडमध्ये सांधेच नसतात. रबराच्या पाठीत स्प्रिंग स्टीलची पट्टी असते, धनुष्यासारखी आधीच वाकवलेली आणि काचेपेक्षा जास्त वाकलेली. आर्मने मध्यावर दाबलं की ती सरळ व्हायला लागते आणि दाब सगळ्या लांबीवर पसरतो. 1990 च्या दशकाच्या अखेरीस बॉशने एरोट्विन आणलं आणि पुढे नव्या गाड्यांत हा प्रकार रुळला. जोरात चाललेल्या गाडीवर याचा फायदा खराखुरा आहे. फ्रेमच्या पट्ट्यांखालून वारा शिरतो आणि ब्लेडला उचलू पाहतो. फ्लॅट ब्लेडची उंची कमी असते आणि पाठीवरची पन्हळ वाऱ्याचाच जोर वापरून त्याला खाली दाबते. ही पन्हळ बॉनेटच्या दिशेला तोंड करून असली पाहिजे, बसवल्यावर एकदा नजर टाका.

पण फ्लॅटची अडचणही तिथेच आहे. त्या पट्टीचा बाक एका विशिष्ट काचेसाठी ठरवलेला असतो. तुमच्याच मॉडेलसाठी बनवलेलं फ्लॅट ब्लेड आणि सगळ्या गाड्यांना चालेल म्हणून विकलेलं फ्लॅट ब्लेड या दोन वेगळ्या वस्तू आहेत. सर्वसाधारण बाकाचं ब्लेड तुमच्या काचेला जुळलं तर उत्तम, नाहीतर टोकं तरंगतात किंवा मधला भाग उचलला जातो. मग फ्रेमचा एक पट्टा गेला आणि फ्लॅटचा दुसरा आला अशी गत होते. तपासायला कागदाची एक अरुंद पट्टी घ्या. काच कोरडी असताना ब्लेडच्या एका टोकाखाली, मध्यावर आणि दुसऱ्या टोकाखाली ती सरकवून ओढून बघा. तिन्ही ठिकाणी ओढताना सारखा अटकाव लागला पाहिजे. हीच चाचणी ब्लेड खाली विसावलेलं असताना आणि काचेच्या कडेला उभं असताना, दोन्ही ठिकाणी करा. कुठे कागद सहज निघाला तर तिथे पाणी राहणार, हे पाऊस पडायच्या आधीच कळतं. ब्लेड बदलून देणारा दुकानदार असेल तर ही चाचणी त्याच्या दारातच करून घ्या.

तिसरा प्रकार हायब्रिड. आत फ्रेम, बाहेर प्लॅस्टिकचं निमुळतं कवच. फ्रेमचं वाकणं शाबूत राहतं आणि वारा व धूळ बरीच बाहेर राहते. ज्या गाडीला मुळात फ्रेमचं ब्लेड होतं, जिची काच कडेला बरीच गोल आहे आणि जिच्यासाठी खास बनवलेलं फ्लॅट मिळत नाही, तिला मी हायब्रिडच सुचवतो. तुमची गाडी याच वर्गातली वाटते.

फ्रेम चांगली असेल, सांधे मोकळे असतील, तर नुसतं रबर बदलण्यातही काही कमीपणा नाही. रबराच्या पट्टीची रुंदी जुन्याशी पडताळून घ्या, कारण 6 आणि 8 मिलिमीटर ही दोन मापं सहज एकमेकांत मिसळतात. आतल्या दोन धातूच्या बारीक पट्ट्या जुन्यातून नव्यात घालताना त्यांच्या खाचा आणि बाक पूर्वीसारख्याच दिशेला ठेवा. रबराच्या कुलूप होणाऱ्या टोकाची नखी अडकली की नाही तेही बघा, नाहीतर रबर धावत्या गाडीवर सरकून बाहेर येतं आणि उघडी नखी काच खरवडते.

रबर कशाचं, याबद्दल. नैसर्गिक रबर मऊ आणि चिवट असतं, थंडीतही लवचीक राहतं आणि सर्वांत स्वच्छ पुसतं. पण ऊन आणि हवेतला ओझोन त्याला भेगा पाडतात. कृत्रिम रबर या दोन्हींना जास्त दाद देत नाही, म्हणून पुष्कळ ब्लेडांत दोन्हींचं मिश्रण असतं. ओठावर ग्रॅफाइटचा थर दिलेला असेल तर घर्षण कमी होतं आणि कोरड्यासारख्या काचेवर किरकिर होत नाही. बोटाला लागणारी ती काळी भुकटी घाण समजून घासून काढू नका. सिलिकॉन उन्हात सगळ्यांत जास्त टिकतं आणि चालता चालता काचेवर पाणी झटकणारा पातळ थर सोडतं. मात्र सुरुवातीला, तो थर सारखा बसेपर्यंत, ते थरथरू शकतं, आणि काच आधी पूर्ण स्वच्छ नसेल तर ती थरथर जातच नाही. गाडी दिवसभर उघड्यावर उन्हात उभी राहत असेल आणि काच घासून तयार करायची तुमची तयारी असेल, तर सिलिकॉनचे जादा पैसे वसूल होतात. गाडी सावलीत राहणार असेल तर ग्रॅफाइटचा थर दिलेलं ताजं साधं रबर घ्या. ते शांत चालतं आणि पहिल्या दिवसापासून नीट पुसतं.

ताजेपणावर मी मुद्दाम भर देतो. रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं. दुकानाच्या दर्शनी काचेत उन्हात लटकलेला डबा नको, आतल्या कपाटातला मागा. डब्यावर उत्पादनाची तारीख असेल तर वाचा. डबा उघडून ओठ दोन्ही बाजूंना वाकवून बघा, धारेवरून बोट फिरवा. धार खरबरीत लागली, रबराचे कातरे लोंबत असले, ओठ डब्यात दबून एका बाजूला कललेला असला, तर ते परत ठेवा. नकली मालही पुष्कळ असतो आणि तो छपाईपेक्षा रबराच्या धारेवरूनच लवकर ओळखू येतो. या चाचणीतून उतरलेल्यांपैकी बॉश, वालेओ, डेन्सो, ट्रायको यातलं जे तुमच्या मॉडेलच्या मापात मिळेल ते घ्या. त्यांच्यातला फरक ताज्या आणि शिळ्या रबरातल्या फरकापेक्षा खूपच लहान आहे.

आरशामागे कॅमेरा असलेली गाडी असेल तर त्याच्या समोरचा काचेचा तुकडा कुठलं ब्लेड पुसतं ते बघा आणि तिथे पट्टा राहू देऊ नका. कॅमेऱ्याला रस्त्यावरच्या रेषा दिसल्या नाहीत की लेन सांभाळणारी यंत्रणा बंद पडते. काही गाड्यांत पाण्याचे फवारे आर्मवर किंवा ब्लेडमध्येच असतात; तिथे पाण्याची नळी जोडता येईल असंच ब्लेड लागतं. मागच्या काचेचा वायपर बहुधा त्या मॉडेलचा स्वतःचा असतो, त्याला पर्याय शोधत बसू नका.

बसवताना एका गोष्टीची कटाक्षाने काळजी घ्या. ब्लेड काढल्यावर उघडा आर्म स्प्रिंगच्या जोराने काचेवर आदळला तर काच तडकते. काचेवर जाड टॉवेल घडी करून ठेवा, मगच ब्लेडला हात लावा, आणि एका वेळी एकच बाजू करा म्हणजे दुसरी नमुना म्हणून समोर राहते. बॉनेटच्या कडेखाली लपणारे वायपर नुसते उचलायला गेलात तर रंग खरवडला जातो. अशा गाड्यांत इग्निशन बंद केल्यावर काही सेकंदांत वायपरचा लिव्हर दाबला की आर्म वर येऊन थांबतात. नेमकी रीत मॅन्युअलमध्ये दिलेली असते. नव्या रबरावर वाहतुकीसाठी प्लॅस्टिकची एक पन्हळ चढवलेली असते, ती काढायला विसरू नका. तशीच ठेवून वायपर चालवणारे आणि नवं ब्लेड खराब निघालं म्हणून परत येणारे ग्राहक भेटतात. पहिली फेरी नेहमी ओल्या काचेवर घ्या. पुढेही धूळ बसलेल्या काचेवर आधी पाणी मारा, मगच वायपर फिरवा. कोरड्या धुळीवरच्या एका फेरीत धारेचे कोपरे जितके झिजतात तितके पावसातल्या कित्येक फेऱ्यांत झिजत नाहीत.

तुमच्यासाठी क्रम असा. आज काच आणि जुनं रबर साफ करा, आर्मचा कोन, बिजागरी आणि ॲडॅप्टरचा खेळ बघा. मग चार वर्षांत ब्लेड कधी बदललंच नसेल तर दोन्ही बाजूंची एकदम बदला. उन्हापावसात रबर साधारण सहा महिने ते वर्षभर चांगलं काम देतं, त्यामुळे ते केव्हाच संपलेलं आहे. माप मॅन्युअलमधलंच ठेवा. तुमच्या मॉडेलसाठी खास बनवलेलं फ्लॅट मिळालं तर ते घ्या, नाही मिळालं तर हायब्रिड, आणि दोन्हींवर कागदाची चाचणी करा.

हे सगळं करूनही त्याच जागी पट्टा उठला तर रात्री समोरून येणाऱ्या दिव्याच्या उजेडात काच तिरपी बघा. बारीक खड्डे किंवा कमानीत गेलेला ओरखडा दिसला तर पाणी त्या खळग्यात राहतं आणि कुठलंही रबर तिथपर्यंत पोहोचत नाही. ओरखडा नखाला लागत नसेल तर पॉलिशने जातो. नखाला लागत असेल आणि नजरेसमोर असेल तर काचच बदलावी लागते.